धरणांकडून विद्येकडे : आर्थर मॉर्गन यांची वाटचाल

शालान्त परीक्षेचे निकाल जवळ आले की आमच्या गोव्यातील घराघरांत एकच शब्द घोळू लागतो, तो म्हणजे इंजिनीअर. गणितात बरे गुण मिळविणाऱ्या मुलापुढे तो जणू आधीच वाढून ठेवलेला असतो. त्या मुलाला नदी आवडते की यंत्र, लाकूड आवडते की माणसे, हे कोणी विचारीत नाही. ह्या शब्दाशी माझे, कलाशाखेच्या पदवीधराचे, काही वैर आहे असे मात्र वाचकांनी समजू नये. माझी तक्रार एवढीच की आपण ह्या शब्दाचा अर्थ फार आखूड करून टाकला आहे. इंजिनीअर म्हणजे चांगल्या पगाराचा मनुष्य, येथवर येऊन तो थांबला आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्यात शिकलेले इंजिनीअर. म्हैसूरचे दिवाण असताना तेथे विद्यापीठ उभे राहावे म्हणून त्यांनी खटपट केली व ते १९१६ साली उभे राहिले, हे आपल्या कितीशा मुलांना ठाऊक असते? मग धरणे बांधता बांधता एका महाविद्यालयाचा अध्यक्ष झालेल्या, आणि पुढे स्वतंत्र भारताच्या उच्च शिक्षणाचा विचार करण्यासाठी इकडे आलेल्या एका अमेरिकन इंजिनीअरचे नाव कानांवर नसले तर नवल नाही. हे गृहस्थ म्हणजे आर्थर अर्नेस्ट मॉर्गन.

मॉर्गन यांचा जन्म १८७८ साली ओहायो राज्यात सिनसिनाटी शहराजवळ झाला. बालपण मिनेसोटा राज्यातील सेंट क्लाउड ह्या गावी गेले. वडील जमिनीची मोजणी करीत. तो धंदा ते स्वतःच शिकले होते. मुलाची प्रकृती नाजूक. माध्यमिक शाळा आटोपल्यावर तो कोलोराडोकडे गेला, मिळेल ती मजुरी करून पाहिली, विद्यापीठाची पायरीही थोडे दिवस चढून पाहिली आणि घरी परतला. परीक्षा देऊन मिळविलेली पदवी मॉर्गन यांच्या नावापुढे पुढेही कधी लागली नाही. वडिलांच्या हाताखाली मोजणी करताना त्यांच्या ध्यानात आले की आपल्या मुलखात पाणथळ जमिनींचा निचरा करणारे लोक पाण्याच्या शास्त्राची फिकीर न करता चर खणीत सुटले आहेत. त्यांनी निचऱ्याच्या कायद्याचा मसुदा तयार करण्यास हात लाविला, केंद्र सरकारच्या शेतीखात्यात काही वर्षे काढली आणि १९१० साली मेंफिस येथे स्वतःची कंपनी काढली. हा भाग मी मुद्दामच आटोपता घेतो. पदवीवाचून मोठा झालेला मुलगा ही गोष्ट आपल्याकडील बक्षीस-समारंभांत फार वापरून झाली आहे, आणि तिच्यातून मुलांनी भलताच बोध घेण्याचा संभव असतो.

१९१३ च्या मार्च महिन्यात, ईस्टरच्या सुमारास, ओहायोतील ग्रेट मायामी नदीला मोठा पूर आला. डेटन शहर बुडाले. त्या खोऱ्यात साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली. घरांच्या माळ्यांवर जीव मुठीत धरून बसलेल्या लोकांनी देवाला व एकमेकांना वचने दिली की ह्यातून वाचलो तर पुन्हा असे होऊ देणार नाही. पाणी ओसरल्यावर माळ्यावरच्या त्या वचनांची आठवण करून देत शहरात वर्गणी सुरू झाली आणि वीस लाख डॉलरांवर रक्कम जमली. ह्या कामासाठी मॉर्गन यांना बोलाविण्यात आले.

लोकांना घाई होती. मॉर्गन यांना नव्हती, आणि येथेच हा मनुष्य कोणत्या धातूचा होता ते कळते. नदीचे पात्र रुंद करा, खोल करा, असे जो तो सांगत होता. मॉर्गन यांनी प्रथम माणसे बसविली ती जुन्या नोंदी चाळावयास. अमेरिकेच्या पूर्वभागात पूर्वी कोठे, किती दिवसांत, किती पाऊस पडला. युरोपातील नद्यांना मागील शतकांत किती चढते पूर आले. ह्याचा त्यांनी शोध घेतला. मोठ्यात मोठा पूर कोणता हे ठरविताना डोळ्यांदेखत आलेल्या पुरावर विसंबून न राहता, १९१३ च्या पुराहून सुमारे चाळीस टक्के अधिक पाणी आले तरी खोरे सुरक्षित राहावे असा हिशेब त्यांनी धरला. नुकताच जो मार बसला त्यापुरतीच ढाल करावी असे माणसाला स्वभावतःच वाटते. त्या स्वभावावर मात करून काम करणे मला त्या धरणांहून मोठे वाटते.

धरणे बांधली तीही न्यारीच. जर्मनटाउन, एंगलवुड, लॉकिंग्टन, टेलर्सव्हिल आणि हफमन येथे मातीचे पाच प्रचंड बांध घातले. पण त्यांच्यामागे जलाशय नाही. प्रत्येक बांधाच्या तळाशी कायमचा उघडा मार्ग आहे. एरवी नदी त्यातून आपल्या वाटेने जाते आणि बांधामागच्या जमिनीत शेती चालते. पूर आला की त्या मार्गातून मावेल तेवढेच पाणी खाली सुटते, बाकीचे काही दिवस शेतांवर थांबते व हळूहळू उतरते. आमच्या खाजनांच्या बांधांत मानस असते, तिची दारे भरती-ओहोटीच्या पाण्याने आपोआप लागतात व उघडतात, हे आमच्या मुलांनी पाहिलेले आहे. मॉर्गन यांच्या बांधांत तर दारेच नाहीत. मध्यरात्री उठून कोणी चक्र फिरवावयाचे नाही, कोणाच्या चुकीने शहर बुडावयाचे नाही. मार्गातून वेगाने सुटणारे पाणी पुढचा तळ खरवडून काढील, म्हणून ते खाली येताच उसळून आपला जोर आपणच जिरवील अशी पायऱ्यांची रचना केली. त्यासाठी आधी लहान नमुन्यांवर प्रयोग केले. १९१८ साली प्रत्यक्ष बांधणी सुरू झाली व १९२२ साली संपली. तीन कोटी डॉलरांवर खर्च झाला, तो केंद्र सरकारने दिला नाही. खोऱ्यातील लोकांनीच उभा केला. तेव्हापासून ह्या बांधांनी दोन हजारांहून अधिक वेळा पुराचे पाणी अडविले आहे.

कायद्याची बाजूही विसरता येत नाही. खोऱ्याच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी ह्या योजनेला कडवा विरोध केला, आणि तो अगदी गैर नव्हता. शहर वाचावे म्हणून आमच्या शेतांवर पाणी का, असा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी १९१४ साली राज्याने नवा कायदा केला, न्यायालयांपुढे झगडे झाले, व १९१५ साली खोऱ्याची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. इंजिनीअरचे निम्मे काम माणसांशी असते, ही गोष्ट मॉर्गन यांना ह्या तीन वर्षांत पुरती कळली असावी. बांधणीच्या जागी त्यांनी मजुरांसाठी नीटनेटक्या वसाहती वसविल्या, तेथे मुलांच्या शाळा काढल्या. डेटनमध्ये १९१७ साली एक प्रायोगिक शाळा निघाली तिच्यामागेही त्यांचा हात होता. धरणाच्या छावणीतून विद्येच्या क्षेत्रात त्यांचा प्रवेश झाला तो असा.

डेटनपासून जवळच यलो स्प्रिंग्ज नावाचे लहान गाव आहे. तेथील अँटिऑक कॉलेज १८५० च्या दशकात सुरू झाले तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष होते होरेस मान, अमेरिकेतील सार्वजनिक शाळांचे जनक. पण मान गेले आणि पुढील साठ वर्षे त्या संस्थेने कशीबशी काढली. १९१९ साली मॉर्गन तिचे विश्वस्त झाले आणि १९२० साली, बेचाळिसाव्या वर्षी, अध्यक्ष झाले. स्वतः पदवी नसलेला मनुष्य पदव्या देणाऱ्या संस्थेचा प्रमुख झाला, हा विनोद तेव्हा कोणी केला असेल तर तो क्षम्य आहे.

त्यांनी १९२१ पासून तेथे जी पद्धत घातली ती अशी. विद्यार्थी काही आठवडे महाविद्यालयात शिके, आणि पुढचे काही आठवडे कारखान्यात, कचेरीत, दुकानात किंवा शाळेत पगारी काम करी. एका जागेवर दोन विद्यार्थी जोडीने नेमलेले असत. एक वर्गात असे तेव्हा दुसरा कामावर, आणि पाळी संपली की अदलाबदल. चार वर्षांचे शिक्षण त्यामुळे लांबे. ही कल्पना मूळची त्यांची नव्हे. सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर ह्या दुसऱ्या इंजिनीअरने १९०६ साली सत्तावीस विद्यार्थी घेऊन ती प्रथम चालविली होती. हे श्नायडरही पुढे, १९२८ साली, त्या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. मात्र श्नायडर यांनी ती इंजिनीअर घडविण्यासाठी योजिली, आणि मॉर्गन यांनी ती साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान शिकणाऱ्यांनाही लागू केली. माझ्या मते मॉर्गन यांच्या अध्यक्षपदाचे मोल ह्या एका निर्णयात आहे. हाताने काम करावयाचे ते ज्याला पुढे हातानेच काम करावयाचे आहे त्याने, आणि कवितेच्या विद्यार्थ्याने पुस्तकाबाहेर पाहू नये, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. जमाखर्च न कळणारा पंडित आणि माणूस न कळणारा तंत्रज्ञ हे त्यांना सारखेच अपुरे वाटत. विद्यार्थ्यांची संख्या थोड्याच वर्षांत शेकड्यांत गेली, आणि बंद पडू पाहणाऱ्या त्या कॉलेजचे नाव देशभर झाले.

येथवर कोणीही गुणगान करील. आता मला न आवडणारा भाग सांगतो. दहा वर्षे झाल्यावर, १९३१ साली, प्रकृतीच्या कारणाने पोर्तुगालमध्ये राहिले असताना, मॉर्गन यांनी आपल्या प्राध्यापकांना एक लांब पत्र लिहिले. त्याचा मथितार्थ असा की कॉलेज चांगले चालले आहे, परंतु मला केवळ चांगले कॉलेज नको होते. नव्या जीवनाचा नमुना हवा होता, आणि तुम्ही त्याला पुरेसे पडला नाहीत. ज्यांनी तुटपुंज्या साधनांत ती पद्धत रात्रंदिवस राबविली त्यांना हे वाचून काय वाटले असेल? नदीला चाळीस टक्के अधिक पाण्याचा हिशेब लावता येतो. शिक्षकाकडून मात्र त्याच्या शक्तीहून चाळीस टक्के अधिक सद्गुणांची अपेक्षा धरली तर बांध फुटतो, आणि दोष शिक्षकाला येतो. माझ्या धंद्याच्या माणसांना असे अध्यक्ष, असे चालक भेटतातच. म्हणून मी येथे थोडा थांबलो.

हाच स्वभाव त्यांना पुढेही भोवला. १९३३ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना टेनेसी खोऱ्याच्या नव्या प्राधिकरणाचे प्रमुख नेमले. नॉरिस धरण त्यांच्याच काळचे. त्याच्या शेजारी त्यांनी कामगारांसाठी देखणे गाव वसविले, पण त्या आदर्श गावात कृष्णवर्णीयांना घर मिळत नसे, हा डाग झाकण्यात अर्थ नाही. धरणाखाली जवळजवळ तीन हजार कुटुंबांना घरे सोडावी लागली. विजेच्या कंपन्यांशी कसे वागावे ह्यावरून सहकारी लिलिएंथल यांच्याशी बिनसले. मॉर्गन यांनी सहकाऱ्यांच्या सचोटीवर जाहीर शंका घेतल्या, पुरावा मागितला असता अध्यक्षांपुढे तो ठेवण्यास नकार दिला, आणि १९३८ साली रूझवेल्ट यांनी त्यांना पदावरून दूर केले. संसदीय चौकशीत त्या सहकाऱ्यांच्या हातून भ्रष्टाचार झाल्याचे दिसून आले नाही.

मॉर्गन यलो स्प्रिंग्जला परतले आणि लहान गावांच्या प्रश्नांकडे वळले. त्यांचे ‘द स्मॉल कम्युनिटी’ हे पुस्तक १९४२ साली निघाले. भारताशी त्यांचा संबंध जडला तो ह्याच विचारामुळे. १९४८ साली आपल्या सरकारने डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला. झाकीर हुसेन, मेघनाद साहा, लक्ष्मणस्वामी मुदलियार अशा मंडळींबरोबर सत्तरीचे मॉर्गन त्यात सभासद होते. १९४९ च्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांवर जे प्रकरण आहे त्यावर त्यांची छाप उघड दिसते. सुमारे तीनशे विद्यार्थ्यांची छोटी निवासी महाविद्यालये, त्यांच्या मध्यभागी विशेष सोयी असलेले केंद्र, सारे मिळून अडीच हजारांहून अधिक विद्यार्थी नकोत, आणि अभ्यासाला गावातील प्रत्यक्ष कामाची जोड. अशी ती योजना होती. गांधीजींच्या नई तालीमचा धागा तिच्यात होताच.

आता एक योगायोग पाहा. ज्या १९४८ साली हा आयोग नेमला गेला, त्याच साली टेनेसीच्या धर्तीवर दामोदर खोऱ्याचे महामंडळ स्थापन झाले. मेघनाद साहा टेनेसीच्या प्रयोगाचे मोठे पुरस्कर्ते होते. म्हणजे मॉर्गन यांच्या आयुष्यातील दोन्ही विचार एकाच वेळी आपल्या दारी आले होते. एक धरणाचा, एक शाळेचा. पहिल्याला आपण डोक्यावर घेतले. दुसऱ्यासाठी १९५६ साली ग्रामीण उच्च शिक्षणाची राष्ट्रीय परिषद नेमली आणि काही ग्रामीण संस्था काढल्या. कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटी येथे जे. पी. नाईक यांच्या मौनी विद्यापीठात एक निघाली, अमरावतीस एक निघाली, तमिळनाडूत गांधीग्राम येथे एक निघाली. गांधीग्रामला १९७६ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बाकीच्या बहुतेक संस्थांच्या पदविका नोकरीच्या बाजारात पदवीच्या तोडीच्या ठरल्या नाहीत, आणि त्या हळूहळू इतर महाविद्यालयांसारख्याच झाल्या. केरळात तिरुवनंतपुरमजवळ के. विश्वनाथन यांनी मॉर्गन यांच्या विचारांतून स्फूर्ती घेऊन १९५६ साली ‘मित्रनिकेतन’ काढले, ती एका माणसाची तपश्चर्या होती. सरकारला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. गारगोटीला शिकलेल्या मुलापेक्षा शहरात शिकलेला जावई बरा, हे कोणत्याही मंत्र्याने ठरविले नव्हते.

मॉर्गन सत्त्याण्णव वर्षे जगले. ऐंशीच्या घरात असताना त्यांनी आणखी एक लढाई अंगावर घेतली. पेनसिल्व्हेनियात किन्झुआ येथे सैन्याच्या अभियंत्यांनी आखलेल्या धरणाखाली सेनेका ह्या आदिवासींची जमीन जाणार होती. १७९४ च्या तहाने ती त्यांना कायमची दिलेली होती. मॉर्गन सेनेकांच्या बाजूने उभे राहिले आणि पाणी दुसरीकडे वळविण्याची पर्यायी योजना आखून दिली. ती मानली गेली नाही. धरण १९६५ साली पुरे झाले. १९७१ साली, त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी ‘डॅम्स अँड अदर डिझास्टर्स’ हे पुस्तक लिहिले. धरणे आणि इतर आपत्ती, असे नाव धरणे बांधणाऱ्याने दिले. साळावलीच्या जलाशयाखाली गेलेले कुर्डी गाव उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते, आणि जुने रहिवासी तेथे जमतात. ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ह्या नावाचे स्पष्टीकरण लागणार नाही. मॉर्गन १९७५ साली वारले. अँटिऑक कॉलेज पैशाअभावी २००८ साली बंद पडले व माजी विद्यार्थ्यांनी खटपट करून २०११ साली पुन्हा उघडले.

कोणी म्हणेल, ह्या परदेशी कथेचा आमच्या शाळेशी काय संबंध? संबंध कार्यानुभवाच्या तासाशी आहे. तो तास आपल्या वेळापत्रकात आहे, आणि त्यात बहुधा गणिताचा राहिलेला भाग पुरा केला जातो, किंवा काथ्याच्या बाहुल्या होतात. माझी सूचना लहानशी आहे. येत्या वर्षी नववीच्या विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात. त्यांतील एकाने आठवड्यातील एक दुपार पंचायत कचेरीत, दूध सोसायटीत, सुताराच्या कारखान्यात किंवा खाजनाच्या बांधावर काढावी; दुसऱ्याने वर्गात बसून त्याची टिपणे उतरून ठेवावीत; आणि पुढच्या आठवड्यात जागा बदलाव्यात. मजुरी करावयाची नाही, यंत्राला हात लावावयाचा नाही. पाहावयाचे, विचारावयाचे, मोजावयाचे. शाळेमागच्या ओहोळाचे पाणी पावसाळ्यात रोज किती चढते ह्याची नोंदही एका जोडीकडे द्यावी, आणि ही वही दरवर्षी पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करावी. दहा वर्षांत तिच्यात असे काही जमेल जे कोणत्याही पुस्तकात नाही.

पालक म्हणतील, अभ्यास बुडेल. एका दुपारीने बुडणारा अभ्यास फार खोल नसतो, एवढेच माझे उत्तर आहे. मुख्याध्यापक विचारतील, ह्याला गुण किती? गुण मुळीच देऊ नयेत. गुण दिले की वही वडीलमंडळी लिहून देतील. प्रकल्पांच्या बाबतीत आम्ही शिक्षक हे दरवर्षी पाहतो, आणि अक्षरही ओळखतो.